सोमवारी बिलोली

आप्पा, आज सोमवार आहे आणि बिलोलीचा फोन लावायचा राहिला आहे.

सकाळी संतोष उदगीरला कामावर गेला, तनू शाळेत गेली. भांडी झाली, फरशी पुसून झाली, मग पुसलेली फरशी मी परत पुसली. आता घरात करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लॅपटॉप उघडून, लिहून तुमच्याशी बोलत बसले आहे. तुमचाच फोन समोर टेबलावर पालथा ठेवलाय. सुलटा ठेवला की त्याच्याकडे बघावं लागतं.

मला भीती वाटते. तुम्ही असता तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला असता, "फोन चावतो का गं?" चावत नाही, हे मला कळतं. पण फोनचं नाव काढलं की तुमची सून पुसलेली फरशी परत पुसते, हे या घरात फक्त तुम्हाला माहीत होतं. आता ते माहीत असलेलं घरात कुणी नाही, त्याचीही भीती वाटते.

तेराव्याला पाहुणे आले, तुमच्याबद्दल बोलले. निलंग्याची भावकी बोलली, स्टँडवरचे जुने लोक बोलले. कंट्रोलरच्या केबिनमध्ये तुम्ही माइक कसा धरायचा, गाडी फलाटाला लागली की प्रत्येक गोष्ट दोनदा कशी सांगायचा, रिटायर झाल्यावर घरातसुद्धा "जेवायला वाढा, जेवायला वाढा" असं कसं म्हणायचा, त्याची नक्कल करून एकाने सगळ्यांना हसवलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. सगळ्यांनी तुमच्या नोकरीचं सांगितलं, पण तुमची शेवटची नोकरी त्यातल्या कुणाला माहीत नव्हती. ती माझ्याकडे होती आणि बिनपगारी होती.

तुम्हाला आठवतं, मी सुरुवात केली तेव्हा काय लिहायचे? केस गळतात त्यावर घरगुती उपाय. उन्हाळ्यात त्वचेची काळजी. ज्या वेबसाइटसाठी लिहायचे तिथे माझं नावसुद्धा येत नव्हतं, आणि मला ते फार सोयीचं होतं. नांदेडच्या माझ्या एका मैत्रिणीने ते काम मिळवून दिलं होतं. तनू झोपली की लॅपटॉप उघडायचा, इकडचं तिकडचं वाचून लिहायचं, पाठवून द्यायचं. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला तोंड दाखवायचं नाही. शिक्षिकेची नोकरी तनूच्या वेळी सुटली ती सुटलीच, पण वर्गात उभं राहण्याची भीती गेली म्हणून मी मनातून खूशच होते.

मग कुठून बुद्धी झाली आणि पुण्याच्या एका मराठी पोर्टलला मेल केला कोण जाणे. सोबत पावसाळ्यातल्या आहारावरचा लेख जोडला होता. मेल पाठवला आणि लगेच वाटलं, परत ओढून घेता आला तर बरं. उत्तर येईपर्यंत मी दर थोड्या वेळाने इनबॉक्स उघडत होते, आणि उत्तर आलं तेव्हा ते उघडायची हिंमत होईना. भाजी जळाली त्या दिवशी. तुम्ही न बोलता खाल्लीत.

संपादक केतकीताईंनी लिहिलं होतं, "हे कुठेही वाचायला मिळतं. तुम्ही लातूरला राहता ना? तिथलं काही पाठवा. माणसांशी बोलून लिहा."

माणसांशी बोलून. तो मेल वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि ठरवलं की आपल्याला हे जमणार नाही.

तरीही त्यांना विषय कळवला. लग्नसराई संपली की बँडवाले काय करतात. आपल्या गल्लीच्या पलीकडे बँडपार्टी आहे, त्यांचे महेबूबचाचा क्लॅरनेट वाजवतात, बोर्डावर नंबर आहे. सोपं होतं. त्या सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून नंबर लावत होते आणि पहिली रिंग वाजायच्या आत कापत होते. लावायचा, कापायचा. तुम्ही पाणी प्यायला आत आलात आणि दारातच थांबलात. तुम्हाला वाटलं, माहेरी काही भांडण झालं.

"कुनाला लावायलीस?"

मी सांगितलं. रडतच सांगितलं बहुतेक. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच प्रश्न विचारलात, की हे फ्रीलान्स म्हणजे काय. मी म्हणाले, नोकरी नाही, पण काम आहे. कुणी मागितलं तर लिहायचं.

"म्हंजे जादा गाडी," तुम्ही म्हणालात. "टाइमटेबलात नाव न्हाई, पर गरज पडली की सुटती."

माझ्या कामाचा इतका चांगला अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही. मग तुम्ही तुमचा फोन काढलात, नंबर विचारलात, स्पीकर लावलात आणि खुर्चीत ताठ बसलात.

"हालो, हालो. बसस्टँडचा कंट्रोलर बोलतोय, कंट्रोलर बोलतोय."

पलीकडे चाचा घाबरले. "मेरा कुछ सामान रह गया क्या गाडी में?"

तुम्ही त्यांना सामानाची काळजी करू नका म्हणालात, आणि पुढचा प्रश्न असा टाकलात की मी कपाळाला हात लावला. "चाचा, तुम्ही कुण्या गावचे?"

 पलीकडचा आवाज बदलला. "इधरकेच है हम. दादा के पहले से इधरकेच. कायको पूछ रहे?" आणि फोन बंद झाला.

आपलं पहिलं भांडण त्या दिवशी झालं. तोपर्यंत मी तुमच्यासमोर आवाज चढवलेला नव्हता. मी म्हणाले, आप्पा, असं कुण्या गावचे, कुणाचे विचारत नाहीत. ज्याला रोज कुणीतरी कुठून आलास विचारतं त्याला ते कसं लागत असेल? तुम्ही म्हणालात, "अगं, गाव न इचारता मानूस बोलतं का?" मी म्हणाले, गाव विचारलं की पुढे कुणाचे येतं, आणि कुणाचे विचारलं की जात येते. तुम्ही म्हणालात, "मी जातीच्या आधीच्या थांब्यावर उतरतो." मला हसू आलं, पण मी हसले नाही.

दुपारभर तुम्ही पेपरातून डोकं वर काढलं नाहीत. चहा झाल्यावर मला न विचारता परत फोन लावलात. "चाचा, मगाशी गाव इचारलं ते चुकलं माझं. जिंदगीभर तिकिटं फाडली. कुठून कुठं, इचारल्याबगर माझं तोंडच उघडत न्हाई."

पलीकडे चाचा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. म्हणाले, "लिखो, लातूर से लातूर. एक फुल टिकट."

तो माझा पहिला लेख. त्यावर माझं नाव आलं, आणि नाव बघून मला घाम फुटला. कुणी काय म्हणेल, चाचांना राग आला तर, खालच्या कमेंटमध्ये कुणी शिव्या दिल्या तर. तुम्ही लिंक उघडून डोळ्यांजवळ फोन धरून सगळा लेख मोठ्याने वाचलात, आणि शेवटी म्हणालात, "चांगलंय. पर ह्यो मानूस असं बोललाच न्हाई." चाचांची भाषा मी धुऊन इस्त्री करून छापली होती. मी म्हणाले, पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायला नको? तुम्ही म्हणालात, पुण्याच्या मानसाला स्टँडवर गाडी बरोबर घावती, हेबी कळंल. हे आपलं दुसरं भांडण, आणि तेही मिटलेलं नाही.

त्यानंतर आपली पद्धतच पडली. तुम्ही खुर्चीत, फोन स्टुलावर, स्पीकर चालू, मी खाली बसून लॅपटॉपवर लिहून घेणार. माझे प्रश्न तुमच्या हातात दिलेले असायचे आणि ते तुम्ही शेवटच्या दोन मिनिटांत उरकायचा. आधी गाव, मग त्या गावाची गाडी, मग गाडीचा ड्रायव्हर, मग त्या ड्रायव्हरला ओळखणारा पलीकडचा कुणीतरी. मी हाताने खुणा करायचे, विषयावर या, विषयावर या. तुम्ही माझ्याकडे बघायचाच नाही. पण माणसं बोलायची. रेणापूरची एक बाई, जिने मला एका ओळीत वाटेला लावलं असतं, ती तुमच्याशी दुपारभर बोलली आणि फोन ठेवताना म्हणाली, परत लावा.

केतकीताईंचा एकदा माझ्या फोनवर कॉल आला तेव्हा मी घाबरून तो तुमच्या हातात दिला. तुम्ही त्यांनाही विचारलंत, कुण्या गावच्या. त्या म्हणाल्या, पुण्याच्या. "ते आता. त्याच्या आधी?" असं म्हणून तुम्ही त्यांना त्यांच्या आजोळच्या स्टँडपर्यंत नेऊन सोडलंत. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी असतं, "आप्पांना नमस्कार." मी त्यांना तुम्ही गेल्याचं कळवलं. म्हणजे मेलवर कळवलं. टाइप करणं जमलं. त्यांनी लिहिलं, घाई नाही, लेख सावकाश द्या. पण एकदा हेही विचारलं, की द्याल ना?

हा राहिलेला लेख मुक्कामाच्या गाडीचा, विषय तुमचाच. पूर्वी लांबच्या खेड्यात शेवटची गाडी सांजच्याला जायची, तिथेच थांबायची आणि सकाळी पहिली गाडी होऊन परत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचे. गावातलं एखादं घर त्यांना जेवायला घालायचं. कुणी सांगितलेलं नसायचं, कुणी त्याचं काही घ्यायचं नाही, पण ठरलेलं घर असायचं. नवीन कंडक्टर आला की जुना त्याला ते घर दाखवून जायचा. तुम्ही तरुणपणी कंडक्टर होता तेव्हा अशी कितीतरी घरं जेवलात. तुम्ही म्हणालात, "त्या बाया अजून असतील गं. इचारू की." माझ्या डोळ्यासमोर आधी ते फोन आले.

बिलोलीच्या पुढच्या खेड्यातल्या नरसाबाई तुम्हीच शोधून काढल्यात. तुमच्या ओळखीच्या कंडक्टरच्या मेव्हण्याकडून नंबर मिळाला. त्या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून गाडीच्या माणसांची ताटं त्याच वाढायच्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि फोनवर दोन्हींचं मिश्रण. तुमचं आणि त्यांचं इतकं जमलं की मला वाटलं, आता लेख राहू दे, यांचं बोलणंच चालू दे. त्या तुम्हाला कंट्रोलर म्हणायच्या. दुसऱ्या फोनच्या वेळी मुक्काम कसा बंद झाला ते सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"राहिलेलं सोमारी सांगते, कंट्रोलर. म्हशी वरडायल्या. सोमारी नक्की लावा."

"सोमवारी, सोमवारी," तुम्ही म्हणालात.

त्याच आठवड्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं.

दवाखान्यात आधी मी आणि तुम्हीच पोचलो, संतोष उदगीरहून निघाला होता. खिडकीतल्या मुलीने विचारलं, पेशंटचं नाव? आणि मी उभीच राहिले. तुमचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, आप्पा. कुणी बंदी घातली नव्हती. आत्याबाई होत्या तोवर त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, त्यांचं बघून मीही नाही घेतलं. फॉर्मवर शंभरदा लिहिलं असेल, पण म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. लातूरसारख्या शहरात राहून, इंटरनेटवर लेख लिहून हे असं. तुम्ही खुर्चीत घामाने भिजलेले, आणि मी नाव सांगू शकत नाही. शेवटी तुमच्या खिशातून आधार कार्ड काढलं आणि खिडकीतून आत सरकवलं.

तुम्हालाही नाव नकोच होतं म्हणा. मी म्हणायचे, लेखाच्या खाली एक ओळ टाकते, माहितीसाठी सासऱ्यांची मदत झाली म्हणून, नावासकट. तुम्ही म्हणायचा, "कंट्रोलर पुरे. नाव छापलं की लोक फोन लावतेत." हे तुम्ही म्हणायचा, ज्यांनी फोन लावून लावून घरचे पाहुणे वाढवले होते.

आत ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर तुम्ही तो सारखा बाजूला करायचा आणि काहीतरी म्हणायचा. नर्स परत लावायची. संतोष वाकून ऐकायचा. मग माझ्याकडे बघून रडवेलं हसून म्हणाला, "आप्पा ड्यूटीवर आहेत. गाड्या लावायलेत."

तुम्ही म्हणत होता, "सोमवारी बिलोली, सोमवारी बिलोली."

तिथे उभ्या असलेल्यांपैकी फक्त मला कळत होतं की ती गाडी नाही, तो फोन आहे.  संतोषला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग तू लाव. आणि तुम्हाला "लावते" म्हणाले असते तर ते तुम्ही माझ्यावर सोपवलं असं झालं असतं, आणि तुम्ही निघून जाल असं मला वाटलं. बोललं की खरं होतं म्हणून लहान मुलं वाक्य तोंडातून बाहेर काढायला घाबरतात तसं. मी नुसता तुमचा पाय दाबत राहिले. सोमवार उजाडला तेव्हा तुम्ही नव्हता.

एवढं एक तुम्हाला सांगायचं राहिलं, की मला कळलं होतं.

मधले दिवस कडू घासाचे. आपल्या घरात चूल पेटत नव्हती, रोज कुणीतरी डबा आणत होतं, आणि प्रत्येक डबा उघडताना मला नरसाबाईंची ताटं आठवत होती. तुमचा फोन संतोषने बंद करून कपाटात ठेवला होता. काल मी तो चार्जिंगला लावला. माझ्या फोनवरून लावला तर अनोळखी नंबर म्हणून त्या उचलणार नाहीत. तुमच्या फोनवरून लावला तर त्यांना वाटेल तुम्ही आहात. दोन्हीची भीती वाटते, दुसऱ्याची जास्त. शिवाय मी काय विचारणार? तुमच्याशिवाय मी या जगात एकाही माणसाला फोनवर प्रश्न विचारलेला नाही. जे लेख माझ्या नावावर आहेत ते निम्मे तुमचे आहेत, आणि आता कुणीतरी ते ओळखेल. केतकीताईंना मेल करावा, हे आता जमणार नाही, आपण केसगळतीकडे परत जावं, असं कालपासून दहादा मनात आलं. मेल लिहून ठेवलाही आहे. पाठवलेला नाही.

अकरा वाजले. तनू साडेबाराला येईल. ती यायच्या आत एक काहीतरी करायला हवं, तो मेल तरी पाठवायला हवा नाहीतर हा फोन तरी लावायला हवा.

लावते.

लावला, आप्पा. आता हे पुढचं घाईघाईने लिहितेय, चुका होतील त्या होऊ देत.

दोन रिंगमध्ये उचलला. "कंट्रोलर. कुठं व्हतात वो? फोन लावला तर बंद हाय, बंद हाय म्हनून एक बाई बोलून राहिली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याच पुढे म्हणाल्या, "हालो, हालो. ऐकू येतंय का?" तुमच्या सवयीने त्यांनाही दोनदा बोलायची सवय लावली की काय, असं वाटलं.

मी म्हणाले, "मी त्यांची सून बोलतेय."

"हां, वैशाली. लिवती ती. कंट्रोलर सारखं सांगत व्हते. दे त्येंना."

"आप्पा वारले," मी म्हणाले.

हे मी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. बाकी सगळ्यांना संतोषने सांगितलं होतं, नाहीतर मेसेज गेले होते. पलीकडे कुणीतरी तेलुगूत काही विचारलं, त्यांनी त्याला गप्प केलं असावं. मग विचारलं, कधी. मी सांगितलं.

"सोमाराच्या आधीच?"

"हाव." मी हो न म्हणता हाव म्हणाले, आप्पा. नांदेडच्या शाळेत यासाठी मार खाल्ला होता.

"मी सोमारी फोन मांडीवर घेऊन बसले व्हते, बिड्डा." बिड्डा म्हणजे त्यांच्यात लेकरू. मग म्हणाल्या, "तू कुण्या गावची गं?"

आणि मला रडू फुटलं. तेरा दिवस पाहुण्यांच्या चहापाण्यात जे आलं नव्हतं ते आलं. मी रडत रडत सांगितलं की माहेर नांदेडचं, वजिराबादच्या बाजूचं, वडिलांचं गाव कंधारकडचं. त्यांनी तिथलं कोण कोण माहीत आहे ते सांगितलं. तुमचा तो प्रश्न मला अजून सरसकट पटलेला नाही. चाचांना तो का लागला ते मला आजही कळतं. पण आज मला कुणीतरी विचारलं, आणि फोन हातातून खाली ठेवावासा वाटला नाही, हेही खरं आहे.

मी म्हणाले, लेखाचं राहू द्या मावशी, मी नुसतं कळवायला फोन केला. हे खोटं होतं. मी पळून जायला बघत होते.

"ऐक," त्या म्हणाल्या. "त्येंना सांगायचं राहिलं ते तू ऐक."

मी लॅपटॉप ओढला. त्या बोलत होत्या तसंच लिहून घेतलं, एक अक्षर धुतलं नाही. ते असं आहे.

"आमच्या गावाला पक्का रस्ता झाला. रस्ता झाला म्हनून आम्ही साखर वाटली. रस्ता झाला म्हंजे गाडीला मुक्कामाची गरज न्हाई, सांजचीच माघारी जाती, हे कुनाच्या ध्येनातच आलं न्हाई. शेवटच्या दिवशी कंडक्टरनं पारावरच्या एका मानसापाशी निरोप ठेवला, उद्यापासून आमची ताटं करू नका म्हनून. त्यो मानूस निरोप सांगायचा इसरला. दुसऱ्या दिवशी सासूनं दोन ताटं वाढून झाकून ठेवली. गाडी आली, गेली. सासू म्हनली, आज घाई असंल, उद्या येतील. तिसऱ्या दिवशी बी वाढली. आठ दिवस वाढली बिड्डा. आम्ही हसायलो तिला. मग त्यो मानूस बाजारात भेटला तवा त्येला आठवलं.  सासूनं घरी येऊन ती दोन ताटं उतरंडीमागं ठिवली, परत कवा काडली न्हाईत. जेवायला आले न्हाईत ह्येचं तिला काई न्हाई. आम्हाला कुनी सांगितलंच न्हाई, ह्येचं लागलं."

मी लिहीत होते. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तू सांगितलीस. लई बरं केलीस. न्हाईतर मी दर सोमारी बसले असते."

मला वाटलं होतं मी तुमचं काम अर्धवट ठेवून बसले आहे. मी निरोप अडवून बसले होते आणि मला कळत नव्हतं. भीती कमी झाली असं म्हणणार नाही. आता याच लेखासाठी देगलूरच्या एका जुन्या ड्रायव्हरला फोन लावायचा आहे, आणि तुमचा फोन मी परत पालथा ठेवलाय. तो मेल मात्र काढून टाकला. केतकीताईंना कळवलं, लेख शुक्रवारी देते, आणि बायकांची भाषा जशी आहे तशी ठेवणार आहे, कापायची असेल तर आधी मला फोन करा. फोन करा, असं मी लिहिलं. आता त्या करतील याची भीती.

फोन ठेवायच्या आधी नरसाबाईंनी एक विचारलं. म्हणाल्या, "एवढं बोललो आम्ही, पर मी नुसतं कंट्रोलरच म्हनत व्हते. देवापुढं दिवा लावायचा तर काय म्हनू? नाव काय गं त्येंचं?"

खिडकीतून सरकवायला आता कार्ड नव्हतं. संतोष उदगीरला होता. भिंतीवर तुमचा नवा फोटो, हार अजून सुकलेला नाही. मी पदर सारखा केला, का ते मला माहीत नाही. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून मग तुमच्यासारखं, फलाटावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, दोनदा सांगितलं.

व्यंकटराव. व्यंकटराव.